बियाणे कोणाचे? पिकांच्या जननद्रव्याची सामाईक ठेव आणि तिची व्यवस्था

सामाईक मालमत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गावचे गायरान, पाणवठा, देवराई किंवा भाऊबंदांची सामाईक विहीर येते. या गोष्टी एकट्याच्या नसतात, परंतु त्यांचा उपयोग सर्वांना हवा असतो. नेमक्या याच कारणामुळे त्यांची व्यवस्था बिघडते किंवा नीट लागते. जगाच्या पातळीवरही अशा काही ठेवी आहेत. त्यांपैकी एक ठेव दरवर्षी पेरणीच्या वेळी आपल्या हातात असते, ती म्हणजे बियाणे. प्रस्तुत लेखात बियाण्यामागच्या जननद्रव्याचा विचार जगाची सामाईक ठेव या नात्याने केला आहे. तिचे मालक कोण, तिचे नियम कोणी केले व त्यांत शेतकऱ्याचे स्थान कोणते, हे जाणून घेणे आता अगत्याचे झाले आहे. कारण या नियमांचा संबंध आपल्या कणगीतल्या बियाण्याशी आहे.

सामाईक म्हणजे नेमके काय?

अर्थशास्त्रज्ञ कोणत्याही संसाधनाला दोन कसोट्या लावतात. पहिली, इतरांना त्यापासून दूर ठेवता येते काय? दुसरी, एकाने वापरले म्हणजे दुसऱ्याला कमी पडते काय? स्वतःच्या घरातील धान्याला दोन्हींचे उत्तर होय असे येते, म्हणून ते खाजगी. सूर्यप्रकाशाला दोन्हींचे उत्तर नाही असे येते. गायरान, भूजल व समुद्रातील मासे यांची गोष्ट निराळी आहे. तेथे कोणाला अडवणे अवघड असते आणि एकाने जास्त उपसले की दुसऱ्याला कमी पडते. खरी भांडणे येथेच होतात.

गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1968 साली गायरानाचे उदाहरण घेऊन असे मांडले की, प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवीत जाईल व शेवटी कुरण उजाड होईल. हा विचार फार गाजला. परंतु त्यात एक मोठी त्रुटी होती. ज्याला कोणी धनी नाही व कसलाही नियम नाही अशी मोकाट जागा, आणि ज्याचे धनी एक गाव आहे व ज्याला नियम आहेत अशी सामाईक जागा, या दोन गोष्टी हार्डिन यांनी एकच मानल्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी जगभरातील मासेमारी, कुरणे, वने व पाटपाण्याच्या व्यवस्था अभ्यासून हा फरक दाखवून दिला. या कार्याबद्दल 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हक्कदार कोण हे ठरलेले असावे, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असावेत, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात असावा, देखरेख असावी आणि चुकणाऱ्याला पहिल्या वेळी सौम्य व पुढे कडक दंड असावा.

आपल्याकडील धुळे-नाशिक भागातील फड पद्धत पाहिली की हे चटकन पटते. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे आणि पाणी शेतकऱ्याने न फोडता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचे, ही व्यवस्था काही शतके चालली. कोणत्या वर्षी किती फड भिजवायचे हे पाण्याच्या साठ्यावर ठरे. ऑस्ट्रॉमबाईंनी सांगितलेले बहुतेक सारे मुद्दे त्यात आहेत.

जगाच्या पातळीवरील सामाईक ठेवी

कोणत्याही एका देशाच्या हद्दीत न येणारी चार क्षेत्रे जागतिक सामाईक म्हणून सांगितली जातात: खुला समुद्र, वातावरण, अंटार्क्टिका आणि अवकाश. अंटार्क्टिकाचा करार 1959 साली 12 देशांनी केला व भारत त्यात 1983 साली सामील झाला. अवकाशाचा करार 1967 चा आहे. समुद्राचा कायदा 1982 साली ठरला व 1994 पासून अमलात आला. त्यानुसार किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क राहतो आणि त्यापलीकडे जो समुद्रतळ कोणत्याच देशाच्या हद्दीत येत नाही तो 'मानवजातीचा सामाईक वारसा' ठरतो. वातावरणाच्या बाबतीत सर्वांत यशस्वी ठरला तो 1987 चा माँट्रियल करार. ओझोनचा थर विरळ करणारी रसायने त्यामुळे बाजारातून हटली. जमिनीला व साठवणुकीतील धान्याला धुरी देण्याचे मिथिल ब्रोमाइड हे त्यांपैकीच एक असून, आता ते मुख्यतः आयात-निर्यातीच्या मालाला क्वारंटाइनसाठी धुरी देण्यापुरते उरले आहे.

पिकांचे जननद्रव्य या चौकटीत सरळ बसत नाही. ते कोणत्या ना कोणत्या देशाच्या हद्दीतच असते, बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या बांधाच्या आत असते. तरीसुद्धा त्याच्यावाचून कोणत्याच देशाचे भागत नाही.

आपल्या ताटातील परदेश

ज्वारी मूळची आफ्रिकेच्या ईशान्य भागातील, म्हणजे सुदान-इथिओपियाकडची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतील वाळवंटाच्या कडेची आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातील. हरभरा व गहू पश्चिम आशियातून आले. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, मका मेक्सिकोतला, सोयाबीन चीनमधले, तर ऊस न्यू गिनी बेटाकडचा आहे. मिरचीही मेक्सिकोकडचीच. ठेच्याला अस्सल गावरान म्हणणाऱ्यांना हे जरा तिखट लागेल, पण पोर्तुगीजांची जहाजे येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी मिरची पाहिलेली नव्हती. उलट तूर, वांगी, आंबा व देशी कापूस ही आपल्या उपखंडाने जगाला दिलेली देणगी आहे.

ही झाली प्राचीन काळची देवाणघेवाण. अलीकडचे वाणही असेच जोडलेले आहेत. जपानमधील नोरिन-10 हा बुटका गहू 1946 साली अमेरिकेत नेला गेला. त्याचा बुटकेपणा डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतील वाणांत आणला आणि 1966 साली भारताने मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचे बियाणे मागविले. कल्याणसोना व सोनालिका हे वाण याच साहित्यातून आपल्या शास्त्रज्ञांनी निवडले. 1964 साली प्रसारित झालेल्या सीएसएच-1 या देशातील पहिल्या संकरित ज्वारीची मादी, कम्बाइन काफिर-60, अमेरिकेतून आलेली होती आणि काफिर ज्वारीचे मूळ पुन्हा आफ्रिकेतच.

देणे दुसऱ्या बाजूनेही झाले आहे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत ग्रासी स्टंट या विषाणुजन्य रोगाला प्रतिकारक झाड शोधण्यासाठी सहा हजारांहून अधिक नमुने तपासण्यात आले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या, ओरायझा निवारा या जंगली भाताच्या एकाच नमुन्यात. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून टाकतो असे ते गवत. त्यातील जनुक पुढे आयआर-36 या वाणात गेले आणि 1980 च्या दशकात हा वाण आशियात कोट्यवधी एकरांवर उभा राहिला. आपल्या परिचयाचे उदाहरण भेंडीचे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने केवडा रोगास प्रतिकारक अशी 'परभणी क्रांती' भेंडी विकसित केली, तीत पुसा सावनी या वाणाचा भेंडीच्या एका वेगळ्या जातभाईशी, ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या प्रजातीशी, संकर केलेला आहे.

विविधता नसेल तर काय होते, हेही इतिहासाने दाखविले आहे. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्यावर करपा आला. तेथे मोजकेच वाण होते व ते सारे रोगाला बळी पडणारे होते. पुढील दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले. अमेरिकेत 1970 साली मक्यावर करपा आला तेव्हा बहुतांश संकरित मक्याची मादी एकाच प्रकारच्या पेशीद्रव्यावर आधारलेली होती. सुमारे 15 टक्के पीक हातचे गेले. देश श्रीमंत होता म्हणून निभावले.

बियाण्याची गत गायरानाच्या उलट

येथे एका मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण बियाण्याच्या सामाईकपणाचे मर्म त्यातच आहे. गायरान जास्त वापराने उजाड होते. बियाण्याचे तसे नाही. शेजाऱ्याला पायलीभर मालदांडी ज्वारी बियाण्यासाठी दिली म्हणून आपला वाण कमी होत नाही. उलट तो दोन शिवारांत गेला व आपल्याकडे गारपीट झाली तर परत मागता येईल असा सुरक्षित झाला. वाण नष्ट होतो तो कोणी पेरीनासे झाल्यामुळे. म्हणजे कुरणाला अतिवापराचे भय, तर बियाण्याला बिनवापराचे.

यास्तव बियाण्याचे संरक्षण म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे. कुंपण कडक केले तर देवाणघेवाण थांबते आणि पैदासकाराला नवे जनुक मिळत नाही. कुंपण मुळीच नसेल तर ज्याने पिढ्यान्‌पिढ्या वाण जपला त्याला काहीच न मिळता दुसरा त्यावर मालकी सांगतो. गेल्या चाळीस वर्षांतील सर्व जागतिक करार या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आले आहेत.

वारसा, सार्वभौमत्व आणि पुन्हा सामाईक

1983 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने एक आंतरराष्ट्रीय संकल्प स्वीकारला. पिकांचे जननद्रव्य हा मानवजातीचा वारसा असून ते सर्वांना मुक्तपणे मिळावे, असे त्यात म्हटले होते. संकल्प बंधनकारक नव्हता. विकसित देशांना शेतकऱ्यांचे वाण मुक्त हवे होते, परंतु आपल्या कंपन्यांचे सुधारित वाण मुक्त करण्यास ते तयार नव्हते. ही विसंगती विकसनशील देशांच्या लक्षात आली नसती तरच नवल. 1989 साली याच संघटनेने 'शेतकऱ्यांचे हक्क' ही कल्पना मान्य केली: वाण जपणाऱ्या व सुधारणाऱ्या शेतकऱ्यांचे योगदानही पैदासकाराइतकेच मोलाचे आहे.

त्यानंतर लंबक दुसरीकडे गेला. रिओ येथे 1992 साली जैवविविधता करार झाला व डिसेंबर 1993 पासून तो अमलात आला. त्याने जैविक संपत्तीवर प्रत्येक देशाचा सार्वभौम हक्क मान्य केला. संमती घेतल्याशिवाय कोणी ती नेऊ नये आणि नेल्यास लाभात वाटा द्यावा, असा नियम झाला. औषधी वनस्पतींच्या बाबतीत हा नियम योग्यच आहे. पण पिकांना तो जड जातो. एका आधुनिक भात वाणाच्या वंशावळीत अनेक देशांचे डझनावारी पूर्वज असतात. प्रत्येकासाठी वेगवेगळा करार करावयाचा तर पैदासकाराचे आयुष्य कागदपत्रांतच जाईल.

याच सुमारास पेटंटची प्रकरणे गाजली. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर करून 1997 साली ते रद्द करविले. कडुलिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकावरील युरोपातील पेटंट 2000 साली रद्द झाले व 2005 साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. या दोन्ही ठिकाणी आपण जिंकलो ते लेखी नोंद व साक्षीपुरावा होता म्हणून. आपल्या आजीला हळदीचा गुण ठाऊक होता, एवढे सांगून परदेशी पेटंट कार्यालयात काम भागत नाही.

या ओढाताणीतून 3 नोव्हेंबर 2001 रोजी अन्न व कृषीसाठीच्या वनस्पती जननद्रव्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला गेला. 29 जून 2004 पासून तो लागू झाला. भारत त्याचा सदस्य आहे. या कराराची युक्ती समजण्यासारखी आहे. प्रत्येक देशाचा आपल्या जननद्रव्यावरील हक्क मान्य करून, त्या हक्काच्या बळावर सर्व देशांनी ठरावीक पिके एका सामाईक व्यवस्थेत ठेवली. फडाच्या शेतकऱ्यांनी आपापली जमीन स्वतःच्या नावे ठेवून पाण्याची पाळी मात्र एकत्र लावावी, तसाच हा प्रकार.

या व्यवस्थेत एकूण 64 पिके व पीकसमूह आहेत: 35 अन्नपिके व 29 चारापिके. भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तूर, हरभरा, मूग-उडीद-चवळीचा गट, वांगी, सूर्यफूल, केळी व नारळ हे यादीत आहेत. सोयाबीन, भुईमूग, ऊस, कापूस, कांदा व टोमॅटो हे नाहीत. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले तर नगदी पिकांपैकी बरीचशी बाहेर राहिली. यादीतील पिके जगाच्या पोटापाण्याच्या महत्त्वानुसार व देशादेशांच्या परस्परावलंबनानुसार निवडावयाची होती, परंतु वाटाघाटीच्या टेबलावर ज्याने जे रोखून धरले ते राहून गेले, असेच शेवटी म्हणावे लागते.

यादीतील पिकाचा नमुना कोणत्याही सदस्य देशाच्या पैदासकाराने मागितला तर एका ठरावीक नमुन्याच्या करारपत्रावर तो दिला जातो. वेगळी घासाघीस करावी लागत नाही. घेणाऱ्याने तो आहे त्या रूपात आपल्या नावावर पेटंट करू नये. त्यापासून वाण तयार करून विकला आणि इतरांना पुढील संशोधनासाठी तो मुक्त ठेवला, तर पैसे देणे ऐच्छिक आहे. इतरांना अडवले तर मात्र विक्रीच्या 0.77 टक्के रक्कम सामाईक निधीत भरावी लागते. हा निधी विकसनशील देशांत वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रकल्पांना दिला जातो.

कागदावर व्यवस्था सुरेख आहे, व्यवहारात निधी रोडका राहिला. एक वाण तयार होण्यास दहा-बारा वर्षे लागतात, त्यामुळे सक्तीच्या भरण्याची वेळच उशिरा येते. शिवाय ज्याला पैसे द्यायचे नाहीत तो सामाईक व्यवस्थेबाहेरील साठ्यातून नमुना उचलतो. आता तर बियाणे हलविण्याचीही गरज उरलेली नाही. जनुकांची अक्षरमाला संगणकावर वाचता येते व त्यावरून काम करता येते. दाणा गावातच राहतो आणि त्यातील माहिती समुद्रापार जाते. अशा माहितीच्या वापरातून लाभ मिळविणाऱ्या कंपन्यांनी वाटा द्यावा म्हणून जैवविविधता कराराखाली 2024 साली कोलंबियातील काली येथे निर्णय झाला व फेब्रुवारी 2025 मध्ये 'काली निधी' सुरू करण्यात आला. पिकांच्या कराराच्या सदस्यांची बैठक सप्टेंबर 2022 मध्ये नवी दिल्लीत भरली होती. तेथे यादी वाढविण्याच्या व भरणा सुधारण्याच्या वाटाघाटी पुन्हा सुरू करण्याचे ठरले. माझ्या मते भारताने या ठिकाणी सावध पण उदार असावे. आपण जगाला तूर दिली हे खरे, परंतु सोयाबीन व भुईमुगाच्या नव्या वाणांसाठी आपणही दुसऱ्याच्या दारात उभे आहोत.

जनुकपेढ्या

सामाईक ठेवीला तिजोरी लागते. निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाने देशोदेशी फिरून बियाणे गोळा केले व पिकांच्या उगमकेंद्रांचा सिद्धांत मांडला. राजकीय रोषामुळे 1943 साली तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांनी उभारलेला संग्रह लेनिनग्राडमध्ये होता. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला 1941 ते 1944 असा जवळजवळ नऊशे दिवस वेढा पडला. संस्थेतील काही शास्त्रज्ञ भुकेने मेले, परंतु भोवती भात, गहू, शेंगदाण्याच्या पिशव्या असताना त्यांनी त्यांना हात लावला नाही.

आज मोठ्या जनुकपेढ्यांत बियाणे वाळवून उणे 18 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था 1972 पासून काम करीत असून ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग व लहान भरडधान्यांचे सव्वा लाखाहून अधिक नमुने तेथे आहेत. हे नमुने ती संस्था मालक म्हणून नव्हे तर जगाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते. आपल्या देशाची राष्ट्रीय जनुकपेढी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत आहे. या ब्युरोचे एक प्रादेशिक केंद्र आपल्या अकोल्यास आहे.

पेढ्यांचीही पेढी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर फेब्रुवारी 2008 मध्ये सुरू झाली. बर्फाळ डोंगरात कोरलेल्या या कोठारात प्रत्येक देश आपल्या बियाण्याची दुसरी प्रत ठेवतो व मालकी स्वतःकडेच राखतो. सिरियातील अलेप्पोजवळच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात गहू, बार्ली, मसूर व हरभरा यांचा मोठा संग्रह होता. यादवी युद्धामुळे तेथे काम अशक्य झाले, तेव्हा 2015 साली स्वालबार्डमधील प्रती परत मागविण्यात आल्या. लेबनॉन व मोरोक्को येथे त्या पेरून बियाणे वाढविले गेले आणि 2017 पासून त्याच्या प्रती पुन्हा नॉर्वेस पोहोचू लागल्या.

परंतु पेढीला मर्यादा आहेत. थंड खोलीतील बियाणे झोपलेले असते. शेतातील वाण दरवर्षी बदलत्या पावसाशी, नव्या किडीशी झुंजत शिकत असतो. म्हणून पेढी व शेत या दोन्ही ठिकाणी वाण राहिला पाहिजे.

आपला कायदा काय म्हणतो?

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार वनस्पतींच्या वाणांना संरक्षण देणे आवश्यक झाले, तेव्हा भारताने पेटंटचा मार्ग न घेता 2001 साली 'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा' केला. पैदासकार व शेतकरी यांचे हक्क एकाच कायद्यात मांडण्याचे श्रेय आपल्याकडे जाते. नोंदणी झालेल्या वाणाला पिकांसाठी 15 वर्षे व झाडे-वेलींसाठी 18 वर्षे संरक्षण मिळते.

कलम 39 प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावे. त्यानुसार संरक्षित वाणाचे असले तरी आपल्या शेतातील बियाणे राखून ठेवणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे व विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. बंधन एकच: संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने, लेबल लावलेल्या पिशवीत विकता येत नाही. 2019 साली गुजरातेतील काही बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने तिचा नोंदणीकृत वाण पिकविल्याबद्दल दावे लावले, तेव्हा हेच कलम पुढे करण्यात आले. देशभर टीका झाल्यावर ते दावे मागे घेण्यात आले. याच कलमात, विकलेल्या नोंदणीकृत वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पादन दिले नाही तर शेतकऱ्याला भरपाई मागण्याचीही सोय आहे. संकरित बियाण्याचे मात्र लक्षात असू द्यावे. कायदा अडवीत नसला तरी पुढच्या पिढीत गुण फुटतात, म्हणून ते राखून उपयोग नाही.

शेतकऱ्याने स्वतः निवडलेला किंवा परंपरेने जपलेला वाणही त्याच्या किंवा गावाच्या नावे नोंदविता येतो व त्यासाठी नोंदणी शुल्क माफ आहे. ही नोंदणी का करावी, याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांच्या जीवनात आहे. 1983 च्या सुमारास त्यांनी आपल्या भातखाचरात तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या वेगळ्या राखून वाढविल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी भात तयार झाला. नाव दिले गेले ते त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. हा भात अनेक राज्यांत पसरला. पुढे त्यांच्याकडून नेलेल्या बियाण्यावर काम होऊन शुद्ध केलेला वाण प्रसारित झाला, पण आपल्या नावाची नोंद झाली नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविली होती. 2005 साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत आर्थिक ओढाताण काही संपली नव्हती. विद्यापीठात काम करणाऱ्या आम्हा मंडळींनी शेतकऱ्याच्या दारातून बियाण्याची पिशवी उचलताना त्याचे नाव व गाव तिच्यावर लिहिण्याची शिस्त पाळलीच पाहिजे, आणि शेतकऱ्यानेही ती मागून घ्यावी.

दुसरा कायदा 2002 चा जैवविविधता कायदा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. बऱ्याच गावांत ही वही एकदा भरून कपाटात गेली आहे. तिच्यात गावातील पारंपरिक वाणांची नावे, ते कोणाकडे आहेत, कोणत्या जमिनीत येतात, किती दिवसांचे आहेत व कशासाठी नावाजलेले आहेत हे लिहिलेले असेल, तर हळदीच्या खटल्यात जे काम जुन्या ग्रंथांनी केले ते काम ही वही करू शकते.

गावची बीजपेढी

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरच्या व परिसरातील देशी वाणांचे बियाणे गोळा करून बीजपेढी उभी केली. 2020 च्या पद्मश्रीने त्यांच्या कार्याची दखल घेतली गेली. अशा पेढीचा व्यवहार साधा असतो: बियाणे न्यावे व हंगामानंतर वाढवून परत करावे. मात्र बियाणे जातिवंत राहण्यासाठी काही तांत्रिक बाबी पाळणे आवश्यक आहे.

भात व हरभरा ही स्वपरागी पिके असल्याने दुसऱ्या वाणापासून भाताला तीन मीटर व हरभऱ्याला पाच ते दहा मीटर अंतर पुरते. तुरीवर मधमाश्या येतात व परपरागीभवन होते, म्हणून किमान 100 मीटर अंतर ठेवावे. ज्वारीलाही तेवढेच ठेवावे. बाजरी पूर्णपणे परपरागी असल्याने तिला किमान 200 मीटर अंतर हवे. एवढे अंतर एकट्याच्या शेतात मिळत नाही, त्यासाठी शेजाऱ्यांनी मिळून एका पट्ट्यात एकच वाण पेरावा. येथे पुन्हा फडाची आठवण होते. बाजरीचे बियाणे पाच-दहा कणसांचे कधीही धरू नये. शंभर-दीडशे चांगल्या झाडांची कणसे एकत्र करावीत, अन्यथा काही पिढ्यांत वाण खुजा व कमजोर होतो. झाडे उभ्या पिकात, काढणीपूर्वी निवडावीत. खळ्यावर ढिगातून टपोरे दाणे वेचल्याने झाडाचा रोगप्रतिकार व उंची कळत नाही.

बियाणे सावकाश, पातळ थरात वाळवावे. दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. दाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला की साठवणुकीतील आयुष्य साधारणपणे दुप्पट होते, हे लक्षात ठेवावे. कडधान्याच्या बियाण्याला किलोस 5 मिली खाद्यतेल चोळल्यास भुंगेऱ्याचा उपद्रव कमी होतो. पेरणीच्या पंधरा दिवस अगोदर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी.

वाण नोंदवावयाचा असल्यास विहित अर्ज भरून त्यावर गावच्या जैवविविधता समितीचे अध्यक्ष, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांपैकी एकाची शिफारस घ्यावी लागते. अर्जात वाणाची ओळख पटणारी लक्षणे लिहावी लागतात, म्हणून हंगामभर फुलोऱ्याचा दिवस, झाडाची उंची, कणसाचा आकार व दाण्याचा रंग वहीत तारखेसह टिपून ठेवावा. नमुना कोणालाही देताना पाकिटावर वाणाचे नाव, शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका व हंगाम लिहावा, पोच घ्यावी आणि त्याच घाण्याचे एक पाकीट घरी राखून ठेवावे.